कृत्तिकेतला बारका

५ फेब्रुवारी १९७३

हजेरीपत्रकात सतरावं नाव माझ्या वडिलांचं आहे. मी आवाज खणखणीत ठेवून पुकारलं, "आबाराव मसू!"

खडीच्या ढिगावरून उत्तर आलं, "हजर, साहेब."

सगळे हसले. दादा हसले नाहीत. डोक्याचा टॉवेल सारखा करून त्यांनी परत हातोडा उचलला. औरंगाबादेहून मी परत आल्याला अडीच महिने झाले, आणि ते माझ्याशी बोललेले हे पहिले दोन शब्द. टोमणा होता का, कळलं नाही. असो. येडशीच्या डोंगराखाली पाझर तलावाचं हे दुष्काळी काम, त्यावर एकशे चाळीस माणसं, आणि त्यात इंग्रजी आकडे लिहिता येणारे दोघंच: ओव्हरसियर हणमंतप्पा आणि मी. पहिल्याच दिवशी हजेरी कारकून झालो, ही काही साधी गोष्ट नाही.

कॉलेज का सोडलं ते एकदाच लिहितो, परत लिहिणार नाही. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. प्रॅक्टिकलला लोलकातून उजेडाचे रंग पाडून मी कोन मोजले. उपळेकर सरांनी जर्नल बघितलं आणि म्हणाले, "एवढे अचूक आकडे? कुणाचे उतरवलेस?" मी जर्नल त्यांच्या टेबलावर फेकलं आणि त्याच दुपारी एसटीत बसलो. उतरवले नव्हते. मी कुणाचं काही उतरवत नाही.

६ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहायला पाहिजे.

काम सुटल्यावर सुकडी वाटायची गाडी उशिरा आली. अंधार पडला, माणसं आपापली भांडी घेऊन रांगेत बसली. वर आभाळ असं स्वच्छ, की दुष्काळाचं तेवढंच एक चांगलं म्हणावं. कृत्तिकेचा झुपका डोक्यावर होता. मी सहज म्हणालो, "किती दिसतात मोजा बरं."

कुणी पाच म्हणालं, कुणी सहा. मागून आवाज आला, "सात. त्या शेवटल्याला चिकटून एक बारका हाय की."

ती चांगुणा. आईच्या चुलतभावाची मुलगी, शेजारच्या गावची, सातवी पास. महिनाभर खडी फोडतेय. तिला मी लहानपणी पाहिलं होतं, तेव्हा तिच्या नाकाला शेंबूड असायचा. आता तसं काही नाही.

मी परत वर बघितलं. त्या शेवटच्या ताऱ्याजवळचा बारका मला कॉलेजच्या दुर्बिणीतून दिसला होता, नुसत्या डोळ्यानं कधीच नाही. आणि ही भांडं मांडीवर घेऊन बसल्याबसल्या बघते!

मग मला राहवेना. उभा राहून म्हणालो, "तो बारका दिसतोय तेवढा बारका नाही. आपल्या सूर्यापेक्षा दुप्पट तापलेला आहे. सूर्याहून मोठाही आहे. लांब आहे म्हणून फिका."

हणमंतप्पा बॅटरी हलवत म्हणाले, "मग शिरपती, आमाला थंडी का वाजायली रे? जरा त्याला म्हणावं, इकडं फुंकर मार."

हशा झाला. मला हशा सोसत नाही. म्हणालो, "तुमच्या चष्म्याला तो दिसत तरी आहे का?"

"न्हाय दिसत. तूच दाखव. बी.एस्सी. नापास माणसाचं ऐकून आमी तारा गरम म्हणायचा व्हय?"

"नापास नाही! सोडलंय!"

तेव्हा चांगुणा मध्ये पडली. "भांडू नगा. पैज लावा. सायबांच्या लेव्हलच्या यंत्राला दुर्बीण हाय, त्यातनं तारा समद्यांला दाखवायचा. ताप किती ते सिदूबानं सांगायचं."

सिदूबा म्हणजे कामावरचे लोहार. एकशे चाळीस माणसांच्या पहारी, छिन्न्या तेच धार लावून देतात. लोखंड किती तापलं हे त्यांच्याइतकं ह्या डोंगराखाली कुणाला कळत नाही.

"आन हारला तर?" हणमंतप्पा.

चांगुणा माझ्याकडे न बघता म्हणाली, "हारला तर कॉलेजात जाऊन सरांची माफी मागायची. जिंकला तर त्यांच्यापुढं छाती काढून सांगायचं, म्या खरा हुतो."

मी तिथल्या तिथं मुठी आवळून "कबूल!" म्हणालो. माझ्यासारख्याला असली पैज म्हणजे पुरणपोळी. रांगेतून दादांच्या खोकल्याचा आवाज आला. ते क्वचितच खोकतात.

११ फेब्रुवारी

एक अडचण आहे. लेव्हलचं यंत्र आडवंच बघतं, वर बघत नाही. बांधाची उंची मोजायला केलेलं, त्याला आभाळाशी काय देणंघेणं. हणमंतप्पा म्हणतात, एक तंगडी आखूड केली तर थोडं वर तोंड करील, फार नाही. म्हणजे कृत्तिका पश्चिमेला पार खाली उतरेपर्यंत थांबावं लागणार. हिशेब केला: एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दिवेलागणीनंतर तासाभरानं. त्यानंतर आठ-दहा दिवसांत ती सूर्याच्या उजेडात बुडेल.

तोवर आकडे पाठ पाहिजेत. आणि ताऱ्याचे आकडे तर त्याच फेकलेल्या जर्नलच्या मागच्या पानावर टिपलेले.

१८ फेब्रुवारी

उपळेकर सरांना पत्र टाकलं. चार वेळा फाडलं, पाचवं ठेवलं. मजकूर असा: "मी माफी मागण्यासाठी लिहीत नाही. कृत्तिकेतल्या त्या फिक्या ताऱ्याचे आकडे हवे आहेत. मी लोकांना स्टोव्हच्या निळ्या ज्योतीचं उदाहरण देणार आहे." खाली नुसती सही. 'आपला आज्ञाधारक' लिहिलं नाही.

मला वाटतं पत्र बाणेदार झालंय.

१९ फेब्रुवारी

डोकं फिरलंय. दुपारच्या सुट्टीत हणमंतप्पानं खिशातलं पेन काढून चांगुणाला दिलं. स्वतःच्या हातानं. ती यंत्राच्या पेटीवर कागद ठेवून वाकून काहीतरी लिहीत होती, आणि हा चष्मेवाला शेजारी उभा राहून सांगत होता, "पत्ता खाली लिही, खाली." मी जवळ गेलो तर तिनं कागद पदराखाली घेतला.

"काय लिहिलंस?"

"तुमाला कशाला? हजेरी घ्या की."

कुणाला लिहितेय ही? आणि ह्याच्याच पेनानं? माझ्याकडे पेन नाही का? संध्याकाळी रागानं हजेरीपत्रकावर इतकी जोरात रेघ मारली की कागद फाटला. चिकटवून दिला.

९ मार्च

सरांचं उत्तर आलं! आंतरदेशीय पत्र, बारीक अक्षरानं काठोकाठ भरलेलं. आकडे इथं उतरवून ठेवतो (हे उतरवणं चालतं).

पृष्ठभागाचा ताप बारा हजार अंशांच्या आसपास, सूर्याचा सहा हजाराला थोडा कमी. वस्तुमान सूर्याच्या साडेतीन पट. रुंदी तिपटीहून जास्त. उजेड जवळजवळ दोनशे पट, आणि अंतर इतकं की तो उजेड इथं पोचायला चारशे वर्षं लागतात. म्हणजे निजामाच्याही आधी निघालेला उजेड चांगुणा भांडं मांडीवर घेऊन बघत होती.

सर लिहितात, सूर्य आणि हा एकाच पंक्तीत जेवायला बसलेले. दोघंही पोटात हायड्रोजन जाळून हेलियम करतात, आणि ज्याचं हे जेवण चालू आहे तो मुख्य क्रमातला तारा. फरक एवढाच, की हा अधाशी आहे. सूर्याची शिदोरी हजार कोटी वर्षं पुरेल, ह्याची वीस-पंचवीस कोटींत संपेल. स्वतःभोवती अर्ध्या दिवसात गिरकी घेतो, सूर्याला पंचवीस दिवस लागतात. ह्या वेगापायी अंगावरचा वायू मधूनमधून बाहेर फेकतो आणि त्याचं कडं अंगाभोवती फिरत राहतं. "फेकाफेक करणारे गरम डोक्याचे तारेही पंक्ती सोडून उठत नाहीत, हे ध्यानात घे," असं शेवटी आहे. हे वाक्य खगोलशास्त्राला धरून नाही वाटत.

आणखी दोन गोष्टी. एक: "स्टोव्हचं उदाहरण देऊ नकोस. त्या निळ्याचं कारण वेगळं आहे. लोहाराकडे जा." दोन: "तुझ्या दोन्ही पत्रांना हे एकच उत्तर. दुसऱ्यातलं अक्षर पहिल्याहून चांगलं आहे आणि नम्रताही."

दोन्ही पत्रं? मी एकच टाकलं. सर थकलेत बिचारे. एवढ्या विद्यार्थ्यांत कुणाचं कुठलं पत्र हे कसं लक्षात राहणार!

१२ मार्च

सिदूबांच्या भट्टीवर गेलो. चांगुणा आधीच तिथं छिन्नी घेऊन बसलेली. तिची छिन्नी फार लवकर बोथट होते.

सिदूबा भाता मारत होते. म्हणालो, "सिदूबा, लोखंड तापताना रंग कसे बदलतात ते सांगा."

"आधी काळपट लाल. मग रक्तावानी. मग केशरी, मग पिवळं. आन पांढरं झालं की हात आवरायचा, ठिणग्या उडतेत, जळून जातंय."

"आणि पांढऱ्याच्या पलीकडं?"

म्हातारा हसला. "पलीकडं लोखंड ऱ्हात न्हाय लेकरा. पाणी हुतंय. म्या तिकडं कवा गेलो न्हाय."

"हा तारा तिकडं आहे," मी म्हणालो. "पांढऱ्याच्या पलीकडं. निळसर."

सिदूबांनी भाता थांबवला. चांगुणा म्हणाली, "सिदूबा, आज सांजच्याला चला, झुपका वर हाय तवर दाखवते." तिनं दाखवलंही म्हणे. मला बोलावलं नाही. मी हजेरीची बेरीज करत होतो.

२ एप्रिल

कडक ऊन. वावटळी दिवसभर बांधावर नाचतात. दुपारी तलावाच्या खड्ड्यात उभं राहिलं तर दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. हणमंतप्पा चांगुणाकडून आकडे लिहून घेत होते, टोपल्यांचे. "हिचं अक्षर मोत्यावानी हाय," असं माझ्यासमोर म्हणाले. मी म्हणालो, अक्षरानं बांध उभा राहत नाही. ते म्हणाले, ताऱ्यानं राहतो व्हय?

पैज जिंकल्यावर ह्या माणसाकडे मी बघणारसुद्धा नाही.

२४ एप्रिल

आजचं आजच लिहिणार.

साडेसातपासून माणसं बांधावर जमली. कामावरची तर होतीच, येडशीहूनही आठ-दहा आली. हणमंतप्पांनी यंत्राची एक तंगडी आखूड करून दगडात रोवली. त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, डोंगर वर आणि आभाळ खाली. आठच्या सुमाराला झुपका सापडला. मी डोळा लावला. शेवटचा मोठा तारा, आणि त्याच्याजवळ, हातभर अंतर ठेवून बसल्यासारखा, तो. वेगळा, स्पष्ट. कॉलेजनंतर पहिल्यांदा.

"दिसला!" मी ओरडलो. हणमंतप्पांनी चष्मा काढून डोळा लावला. भिंग जरा फिरवलं. मग म्हणाले, "हाय. दुसरा हाय खरा. मानलं."

तेवढ्यानं मी जिंकल्यासारखी छाती फुगवली. मग ते म्हणाले, "पर शिरपती, समदेच तांबूस हायेत की रे."

मी परत बघितलं. खरंच. सगळा झुपका मळकट तांबडा, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. निळं काही नाही. पांढरंसुद्धा नाही. लोक एकेक करून बघू लागले. "लाल हाय!" "अगं बया, लालच." "म्हंजी सूर्याहून थंड की ओ कारकून!" कुणीतरी शिट्टी मारली.

डोक्यात जाळ झाला. दीड महिना घोकलेलं सगळं एका क्षणात वाहून गेलं. मी यंत्राची तंगडी धरली. खरं लिहितो, फेकणारच होतो, तलावाच्या खड्ड्यात, आणि तिथूनच कुठंतरी निघून जाणार होतो.

मनगटावर हात पडला. दगडासारखा खरबरीत. दादा.

"परत फेकणार व्हय?" ते हळूच म्हणाले. "थांब की जरा. एकडाव थांबून बघ."

मी थांबलो. का, ते माहीत नाही. थांबल्यावर पहिली गोष्ट दिसली ती धूळ. दिवसभराच्या वावटळींनी उडवलेला फुफाटा पश्चिमेला डोंगराच्या वर पडद्यासारखा टांगला होता, आणि आम्ही त्यातूनच बघत होतो. मला ज्या विषयाचा एवढा अभिमान, त्यातली पहिलीच गोष्ट मी विसरलो: उजेड कशातून येतो ते आधी बघावं.

"सिदूबा," मी विचारलं. आवाज माझा मलाच वेगळा वाटला, खालचा. "भट्टीपुढं दाट धूर आला तर पिवळं लोखंड कसं दिसतं?"

"तांबडं."

"मग तेव्हा ताप कसा सांगता?"

"सांगतच न्हाय. धुरात म्या कवा लोखंड पारखत न्हाय. धूर जाऊ देतो." मग म्हातारा कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडं वळला. "ए, शिट्टी कुणी मारली रे? मावळतीचा सूर्य तांबडा दिसतोय ना रोज? मग काय त्यो थंड पडला? त्याच्या उन्हात तर मरायलाव आपण समदे! म्या हा झुपका फाल्गुनात बघितलाय, वर उंच असताना, ह्या पोरीनं दाखविला तवा. डोळा म्हातारा, बारका काय मला दिसला न्हाय. पर त्याच्या घरच्या मोठ्यांचा रंग दिसला. पांढऱ्याच्या पलीकडं हुता. माझ्या भट्टीत त्यो रंग कवा आला न्हाय." थोडं थांबून म्हणाले, "पोरगं खरं बोलतंय."

"आणि बारका?" हणमंतप्पा.

"त्यो म्या बघितलाय," चांगुणा म्हणाली. "मोठ्यांसारखाच हाय. रंगात कमी न्हाय. निस्ता फिका."

हणमंतप्पांनी टोपी काढली. मोठ्यानं म्हणाले, "मंडळी, शिरपती जिंकला."

टाळ्या. एकशे चाळीस माणसांच्या, खडी फोडून घट्टे पडलेल्या हातांच्या टाळ्या. त्यांचा आवाज वेगळाच येतो. मग मी आकडे सांगितले, सगळे, न अडखळता. चारशे वर्षं म्हटल्यावर खडी फोडणाऱ्या द्वारकाबाई म्हणाल्या, "बया, एवढ्या लांबनं आला आन आमी त्याला लाल म्हनून हसलो." झुपका डोंगराआड गेला तरी कुणी उठेना.

दादा घरापर्यंत माझ्याबरोबर चालत आले.  पुढे-मागे नाही, बरोबर.

८ मे

उपळेकर सरांना कळवलं की मी जिंकलोय आणि सांगायला येतोय. उत्तर: "२० जूनला प्रवेश. जर्नल माझ्या कपाटात आहे. आकडे मी स्वतः परत तपासले, बरोबर होते. माझी शंका चूक होती. तुझं फेकणंही चूक होतं. दोन्ही आपण समोरासमोर बोलू."

ह्याला म्हणतात विजय.

१३ जून

सकाळी कामावर निरोप घ्यायला गेलो. माझ्या जागेवर आता चांगुणा. हणमंतप्पांनी तिची शिफारस केली. म्हणे, फेब्रुवारीतच तिचं अक्षर बघून ठरवलं होतं, पत्र लिहायला पेन दिलं तेव्हा. हे वरून सांगितलं आणि हसले. माझा संशय होता तो फिटला; तेव्हा ती कुणाला लिहीत होती ते मात्र कुणी सांगत नाही. जाऊ दे. माणूस वाईट नाही, बायको-पोरं लोहारा गावी असतात त्याची.

चांगुणा हजेरी घेत होती. आवाज माझ्यापेक्षाही खणखणीत. सतरावं नाव आलं.

"आबाराव मसू!"

दादा पांढरा सदरा घालून, माझी ट्रंक खांद्यावर घेऊन माझ्याशेजारी उभे होते. एकशे चाळीस माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गैरहजर! पोराला कॉलेजात सोडाय चाललोय!"

मी बाहीनं डोळे पुसले. डोळ्यात धूळ गेली होती. जूनमध्येही फुफाटा आहेच.

चांगुणा पत्रक बगलेत घेऊन सडकेपर्यंत आली. मी म्हणालो, "कृत्तिका आता पहाटे पूर्वेला उगवेल. जुलैत बघ. मी तिकडून बघीन."

"बघते. पर मला एक सांगा," ती म्हणाली, "पैज हारला असता तर?"

"तर माफी मागायला गेलो असतो. मी शब्दाचा पक्का आहे."

"कंच्या गाडीनं?"

"ह्याच. औरंगाबादची दुसरी कुठली आहे?"

ती हसायला लागली. दादाही तोंडावर टॉवेल धरून खोकले. गाडी सुटली तरी ती सडकेवर हसतच होती, पत्रकानं तोंड झाकून.

येरमाळ्याचा घाट लागेपर्यंत विचार केला, त्यात हसण्यासारखं काय होतं. कळलं नाही. पण छाती मात्र जिंकलेल्या माणसासारखीच बाहेर होती, आणि शेजारी दादा कंडक्टरला सांगत होते की तिकिटं दोन पाहिजेत, एक परतीचं, आणि एक नको परतीचं.